रिकामा हमाल

"ताई, जरा इकडे या ना. मला भीती वाटायला लागलीय."

निलोफर खिडकीपाशी उभी होती. बोटाएवढी प्लास्टिकची नळी तिने उजेडात धरली होती. मी हातातलं काम ठेवून गेले. नळीत पाण्यासारखं काहीतरी दिसत होतं. स्वच्छ, नितळ.

"गाळ कुठाय?" मी विचारलं.

"तेच तर. नाहीये. तीनदा मशीनमध्ये फिरवली. खाली काही बसतच नाही."

मी नळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. तळाशी पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. त्या नळीत माझं प्रथिन होतं. चार वर्षं मी ज्याच्या मागे लागले होते ते, आणि माझ्या हातून ते एकदाही विरघळलं नव्हतं.

हे सगळं २००५ सालचं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी डॉ. रानडे सरांकडे पीएच.डी. करत होते. आमचा विषय लेप्टोचा ताप. कोकणात भाताच्या खाचरात माणसं दिवसभर अनवाणी उभी असतात, उंदरांनी घाण केलेल्या त्या पाण्यातून हा जंतू पायाच्या चिरांतून अंगात शिरतो. वेळेवर कळलं तर साधं पेनिसिलिन पुरतं. न कळलं तर माणूस जातो. आणि कळायलाच तर आठ-आठ दिवस लागायचे, कारण रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागे. या जंतूच्या बाहेरच्या कवचावर एक प्रथिन असतं. ते भरपूर प्रमाणात बनवता आलं, तर रक्ताच्या थेंबावरून दोन तासांत निदान करणारी चाचणी तयार होऊ शकेल, असं सरांचं म्हणणं होतं. ते प्रथिन बनवायचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही त्याचं जनुक एका निरुपद्रवी जिवाणूत घातलं होतं. जिवाणू बिचारा इमानाने प्रथिन बनवायचा, पण ते नासलेल्या दुधासारखं फाटून गठ्ठा होऊन बसायचं. मी तापमान बदललं, मीठ बदललं, जिवाणू बदलला. तीन वह्या भरल्या. घरी आई फोनवर विचारायची, "हेमांगी, अजून किती गं?" मी एकतीस वर्षांची होते.

आणि निलोफर मुजावरला आमच्याकडे येऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

"कसं केलंस?" मी विचारलं. आवाज नीट ठेवायचा मी प्रयत्न केला.

"हमालाच्या पाठीवर चढवलं," ती म्हणाली आणि हसली.

तिचे वडील सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल होते. हे ती पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती. जिवाणूंच्या अंगात साखर वाहून नेणारं एक प्रथिन असतं. बाहेर माल्टोज साखरेचा कण दिसला की ते त्याला मिठीत घेतं आणि आत पोचवतं. स्वभावाने अगदी गरीब, पाण्यात सहज विरघळणारं. निलोफरने त्या वाहक प्रथिनाच्या जनुकाला आमच्या प्रथिनाचं जनुक जोडून टाकलं. दोन्ही एकाच साखळीत तयार झाली, आणि वाहकाने आपल्याबरोबर आमच्या हट्टी प्रथिनालाही पाण्यात तरंगत ठेवलं. वेगळं काढणंही सोपं. स्टार्चचे, म्हणजे साखरेच्याच साखळ्यांचे, मणी भरलेल्या नळीतून सगळं मिश्रण ओतायचं. वाहक तेवढा मण्यांना चिकटतो, बाकीची घाण वाहून जाते. मग वरून माल्टोजचं पाणी घातलं की तो मणी सोडून साखरेच्या मागे खाली येतो, पाठीवरच्या ओझ्यासकट.

यातलं मला काहीच नवीन नव्हतं. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. तोच वाहक, नुसता, ओझ्याशिवायचा, मी दरवर्षी एम.एस्सी.च्या मुलांना प्रात्यक्षिकात शुद्ध करून दाखवत असे. हमखास जमणारा प्रयोग म्हणून. चार वर्षं तो माझ्या हाताखालून जात होता आणि माझ्या प्रथिनाला त्याच्याशी जोडावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमचंच प्रथिन आहे ताई," निलोफर म्हणाली. "मी फक्त पोतं चढवलं."

ती मनापासून म्हणाली असणार. तिच्या मनात कधी काही वेगळं असल्याचं मला आढळलं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, ही मला भीक घालतेय.

त्यानंतर प्रयोगशाळेतलं वारं बदललं. सर सकाळी आले की आधी माझ्या टेबलाशी थांबायचे, ते आता सरळ तिच्याकडे जाऊ लागले. "काय म्हणतोय आपला हमाल?" असं मोठ्याने विचारायचे. सरांच्या पत्नी एकदा डबा घेऊन आल्या आणि निलोफरला म्हणाल्या, "अगं, तुझ्याबद्दल रोज ऐकतेय घरी." माझ्याबद्दल त्या घरात चार वर्षांत काय बोललं गेलं असेल, याचा मी बसून हिशेब करत राहिले. निलोफरची वही म्हणजे सगळा गबाळा कारभार, चहाचे डाग, मार्जिनमध्ये आकडे. माझी वही छापल्यासारखी. रोजची तारीख, खाली सही. कोणी ती उघडून बघायचं कारणच उरलं नाही.

ऑगस्टमध्ये तिने चाचणी तयार केली. छोट्या छोट्या वाट्या असलेली प्लास्टिकची ताटली असते. तिच्या तळाला आमचं प्रथिन चिकटवायचं, वर रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, टाकायचं. रुग्णाला लेप्टो असेल तर वाटी शेवटी पिवळी होते. कोकणातल्या रुग्णालयाने दिलेल्या लेप्टोच्या चाळीस रुग्णांपैकी सदतीस पिवळे झाले. तुलनेसाठी आम्हा प्रयोगशाळेतल्या वीस निरोगी माणसांचं रक्त घेतलं होतं. त्यातलं एकही नाही.

सरांनी ताटली दोन्ही हातांत धरून सगळ्या मजल्यावर फिरवून आणली. संध्याकाळी पेढे आले. शोधनिबंधावर पहिलं नाव निलोफरचं, दुसरं माझं, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मी पेढा खाल्ला.

चार सप्टेंबर. रविवार होता, तीन दिवसांनी गणपती बसायचे होते, त्यामुळे सगळे गावाला गेले होते. दुपारी मी एकटी प्रयोगशाळेत आले. शास्त्राच्या कळवळ्याने आले नव्हते. गेले काही दिवस एकच विचार माझ्या डोक्यात होता: कुठेतरी काहीतरी चुकलेलं असणारच. ते मला सापडायला हवं होतं.

फ्रीजमध्ये माझ्या प्रात्यक्षिकाची उरलेली नळी होती. रिकामा हमाल, ओझ्याशिवायचा. मी ताटलीच्या वाट्यांना फक्त तो चिकटवला. आमच्या प्रथिनाचा अंशही नाही. मग निलोफरच्या रुग्णांपैकी आठ जणांचं सीरम त्यावर टाकलं. चाचणी खरी असेल तर एकही वाटी पिवळी व्हायला नको होती.

पाच झाल्या.

मी खुर्चीत बसले. कारण लगेच लक्षात आलं. हा वाहक आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्याच जातीतला. विहिरीचं, ओढ्याचं पाणी पिणाऱ्या माणसांना पोटाचे विकार होतच असतात, त्यांचं रक्त या प्रथिनाला आधीपासून ओळखतं. पुण्यात गाळलेलं पाणी पिणारे आम्ही वीस जण ओळखत नव्हतो. निलोफरची ताटली ओझ्याला नाही, बऱ्याच वेळा हमालालाच ओळखत होती. आणि नुसत्या हमालावर तपासून बघायचं तिच्या, सरांच्या, कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका. सवयीने मी सगळं वहीत लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि वही खणात ठेवली.

तेवीस तारखेला संस्थेत मोठी बैठक होती. आरोग्य खात्याचे अधिकारी येणार होते, मुंबईहून दोन तज्ज्ञ येणार होते, आणि निलोफर सादरीकरण करणार होती. मी ठरवलं, तेव्हाच विचारायचं. सगळ्यांसमोर. एकच प्रश्न.

दीड दिवसाचे गणपती उरकल्यावर सरांनी निलोफरला पंधरा ताटल्या देऊन कोकणातल्या त्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. तिथले डॉ. परुळेकर तरुण होते, उत्साही होते. येणाऱ्या प्रत्येक तापाच्या रुग्णाची आमच्या चाचणीने नोंद ठेवायची, उपचार मात्र नेहमीच्या पद्धतीनेच करायचे, असं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी निलोफर तिचे कागद घेऊन माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"ताई, एकदा बघा ना. काही राहिलंय का? तुमची नजर बारीक आहे. सर म्हणतात सगळं बरोबर आहे, पण मला आपलं धाकधूक वाटतं."

मी कागद चाळले. एकेक पान, सावकाश. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही राहिलं," मी म्हणाले. "छान झालंय."

"खरंच?"

"खरंच."

तिने माझा हात दाबला आणि गेली.

तेवीस तारखेला तिने निळा सलवार-कमीज घातला होता. सुरुवातीला आवाज कापला, मग सुटला. शेवटी टाळ्या झाल्या. सरांनी "काही प्रश्न?" विचारलं. मी हात वर केला.

"नुसत्या वाहक प्रथिनावर हे सीरम तपासलं होतं का?"

ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे हसायला लागली होती, आणि मध्येच तिला प्रश्न समजला. तिचा चेहरा उतरताना मी बघितला. मुंबईच्या तज्ज्ञांपैकी एकाने पेन खाली ठेवलं.

"नाही," निलोफर म्हणाली.

"मी आठ तपासले," मी म्हणाले. "पाच पिवळे झाले."

मग ते तज्ज्ञ म्हणाले, "मग ही चाचणी आजच थांबवायला हवी." सर उठून पाणी प्यायले. त्यांची मान लाल झाली होती. आरोग्य खात्याचे लोक फायली गोळा करायला लागले.

मी बाहेर आले. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. खाली चहाही घेतला. परत वर आले तेव्हा निलोफर सरांच्या खोलीत फोनवर उभी होती. बैठक संपल्याबरोबर, कोणाशी काही न बोलता, तिने पहिलं काम हेच केलं होतं: डॉ. परुळेकरांना फोन.

"आमचे निकाल धरू नका सर. एकही धरू नका. चूक आहे त्यात." मग ती ऐकत राहिली. खूप वेळ. "कुठल्या बाई?... कधी?... आता कुठे आहेत?"

फोन ठेवून ती तिथेच भिंतीला टेकली. सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं. शेवंती राऊळ नावाची एक बाई तापाने फणफणून आली होती. आमच्या ताटलीवर पिवळा रंग आला. परुळेकरांनी फक्त नोंद ठेवायची होती, पण त्या आठवड्यात वॉर्ड भरून वाहत होता, आणि रंग तर डोळ्यांसमोर होता. त्यांनी लेप्टो समजून पेनिसिलिन चालू केलं आणि दुसरं काही शोधलंच नाही. बाईला टायफॉइड होता. सहाव्या दिवशी आतडं फुटलं. कोल्हापूरला नेऊन रातोरात ऑपरेशन करावं लागलं. जगतील की नाही, अजून सांगता येत नव्हतं.

मी दारात उभी होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी मी टेबल आवरत असताना निलोफर आली. तिच्या हातात माझी वही होती. "रिकामा हमाल किती घेतला होतात ते बघायला उघडली," ती म्हणाली. "मला सगळे चाळीस परत तपासायचेत. खण उघडाच होता."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"चार तारीख आहे ताई."

"हो."

"मी तुम्हाला दहाला विचारलं. इथेच बसून." तिचा आवाज चढला नव्हता. ती नुसती तारखा लावत होती, जशा प्रयोगाच्या लावतात. "त्या बाईंचं रक्त चौदाला घेतलं."

"निलोफर, मला माहीत नव्हतं की तिथे..."

"मला हरवायचं होतं तर हरवायचं होतंत ना. त्या कशाला मध्ये आल्या?"

तिने वही टेबलावर ठेवली, बंद करून, कडा टेबलाच्या कडेशी जुळवून. मग गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता. पण सर म्हणाले, "चूक माझी आहे. तिघांत फक्त हेमांगीला दिसलं. शास्त्रज्ञ असा असावा लागतो. काल तिने विचारलं नसतं तर ही चाचणी जिल्हाभर गेली असती." दोघांतिघांनी माझ्याकडे वळून मान हलवली. निलोफर समोर बसली होती. तिने सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ते कौतुक मी तेरा दिवस अंगावर बाळगलं. सर परत आधी माझ्या टेबलाशी थांबायला लागले. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि मला जेवण जात नव्हतं. चौदाव्या दिवशी मी स्वारगेटवरून कोल्हापूरची एस.टी. पकडली.

बायकांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवर शेवंतीबाई होत्या. चाळिशीच्या असतील. गालफडं बसलेली, पोटावर पट्ट्या. आणि खाटेच्या कडेला बसून निलोफर त्यांना पेज भरवत होती. सुट्टी घेऊन ती सांगलीला घरी गेली आहे असं मला वाटलं होतं. ती सांगलीहून रोज येत होती.

मला बघून तिचा चमचा थांबला. शेवंतीबाईंनी मान वळवली.

"ही कोण गो बाय?"

निलोफर माझ्याकडे बघत होती. सांगेल, असं मला वाटलं. सांगून टाकावं, असंही वाटलं.

"ह्या आमच्या ताई," ती म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं का, चूक कोणीतरी शोधली म्हणून? ह्यांनी."

बाईंनी सलाइन लावलेला हात उचलला आणि माझं मनगट धरलं. हात हलका होता, गरम होता. "बरां केलंस गो," त्या म्हणाल्या. "नायतर माझ्यासारखी आणखी कितीजणां पडली असती. देव तुझा भला करूदे." आणि मग, "जेवलंस मा?"

निलोफरने ते मला टोचायला म्हटलं की वाचवायला, मला आजही सांगता येणार नाही. तिच्या तोंडावरून काही कळलं नाही. ती परत पेज भरवायला लागली. बाईंनी माझं मनगट सोडलं आणि तिची ओढणी घरच्या मुलीची सारखी करावी तशी सारखी केली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला कोणी बस म्हटलं नाही असं नाही, दोघींनी म्हटलं. पण माझ्याच्याने बसवेना.

पुण्याला आल्यावर मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

त्यांनी पान वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. बराच वेळ बोट तिथेच होतं.

"आधी माहीत होतं तुला."

"हो सर."

"आणि मी तुला सगळ्यांसमोर..." त्यांनी चष्मा काढला. मग अगदी शांतपणे सांगितलं की निबंधावर माझं नाव राहणार नाही, संस्थेच्या समितीला ते हे कळवतील, आणि जानेवारीपासून मी दुसरीकडे बघावं. मी 'हो' म्हणाले. झालंही तसंच. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. आज वीस वर्षं मी साताऱ्याला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतेय. निलोफरने पुढे दोन वर्षं खपून ओझं हमालावरून सोडवून घेतलं, चाचणी नव्याने उभी केली. पहिल्याइतकी झगझगीत नाही, पण खरी. शेवंतीबाई दिवाळीआधी घरी गेल्या.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी दाराकडे वळले तेव्हा सरांनी मागून विचारलं, "हे निलोफरला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून."

"आणि ती बोलली नाही?"

"नाही सर."

सरांनी वही मिटली आणि खिडकीतून पलीकडे बघायला लागले. पलीकडच्या इमारतीत, आमच्या प्रयोगशाळेच्या, निलोफर नेहमी उभी राहायची त्या खिडकीत, दिवा होता. त्यांचा चेहरा निवळला. मी खोलीत आहे हे ते विसरले असावेत.

चार वर्षांची माझी सगळी मेहनत आणि माझा गुन्हा, दोन्ही त्यांच्या हाताखाली टेबलावर पडलं होतं, आणि ते तिचा विचार करत होते. आणि मी, सगळं कबूल करून बसलेली मी, तिथे दारात उभी राहून तिचा हेवा करत होते.